पाण्याच्या पुलावरची ड्यूटी

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि एक चित्र उभं करा.

एक भिंत आहे. भिंतीच्या अलीकडे काचेची एक टाकी, पलीकडे दुसरी. दोन्हींत पाणी, दोन्हींत मासे. आता काचेचा एक चौकोनी नळ अलीकडच्या टाकीतून सरळ वर चढतो, भिंतीतल्या भोकातून आडवा पलीकडे जातो आणि तिथल्या टाकीत खाली उतरतो. त्याची दोन्ही तोंडं पाण्यात बुडालेली आहेत. हा सगळा नळ काठोकाठ पाण्यानं भरलेला आहे. तुम्ही खाली उभे आहात, आणि एक मासा तुमच्या डोक्यावरून भिंत ओलांडून शेजारच्या घरी चालला आहे.

दिसलं? मग आता स्वतःला विचारा, हे पाणी खाली का पडत नाही? नळाला तर बूडच नाही.

भूमिकेनंही हेच विचारलं होतं. भूमिका अकरा वर्षांची, भिलाईच्या रुआबांध्यात स्टील प्लांटच्या जुन्या क्वार्टरात राहणारी. तिचे बाबा शालिकराम प्लांटात कामाला, आई कलावती घरी शिवणकाम करायची. त्यांच्या आणि शेजारच्या क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यांमध्ये एकच भिंत होती. भिंतीच्या वरच्या भागात सिमेंटची जाळी होती आणि जाळीतले दोन ठोकळे केव्हाचे निखळून पडले होते; पूल पुढे त्याच भोकातून गेला. पलीकडे विष्णु आबाजी एकटेच राहायचे. प्लांटात गॅसच्या पाइपलाइनीवर चौतीस वर्षं फिटर होते ते. भूमिकेचे ते सख्खे आजोबा नव्हते, पण तिला सख्ख्याची आठवण नव्हती, त्यामुळे फरक पडत नव्हता.

प्रश्न ऐकल्यावर आबाजींनी तिला बादली भरायला लावली, स्टीलचा एक पेला आणायला लावला.

"बुडव. भरला? आता पाण्यातच उलटा कर, अन् बूड धरून वर उचल. तोंड बाहेर नको येऊ देऊ."

भूमिकेनं उचलला. पेला पाण्याच्या वर आला, पण आतलं पाणी त्याच्यासोबतच वर आलं. बादली पेल्याला खाली ओढून राहिली आहे असं तिच्या हाताला वाटलं.

"कावून नाही पडत, आबाजी?"

"तुह्या डोक्यावर काय हाय?"

"केस."

"केसांच्या वर, पोट्टे!"

"हवा."

"मंग! कितीक कोस उंच हवा हाय. ते बादलीतल्या पाण्याले दाबून राहिली. पेल्यात हवा नाही, म्हंजे तिथं दाबणारं कोणी नाही. पाणी जाईल कुठं? जिथं दाब नाही तिथं, वर. पण आता पाह्य." त्यांनी पेला जरासा तिरपा केला. काठातून एक बुडबुडा आत शिरला, भक्कन आवाज झाला आणि सगळं पाणी बादलीत बसलं. "एवढीशी हवा शिरली, का खेळ संपला. पूल बांधणं कठीण नाही, भूमिके. हवा बाहेर ठेवणं कठीण हाय."

मार्चच्या सगळ्या रविवारी त्या दोघांनी पूल बांधला. खुर्सीपारच्या दुकानातून काचेच्या पट्ट्या कापून आणल्या. आबाजी सिलिकॉनची रेघ ओढत, भूमिका पट्टी धरून बसे. सांधे सुकल्यावर नळात पाणी भरून तो एक अख्खा दिवस वर्तमानपत्रावर ठेवला. एक सांधा गळला, तो पुन्हा भरला. सर्वांत वरच्या काचेला भोक पाडून त्यात सलाईनची बारीक नळी बसवली. दवाखान्यात तुम्ही पाहिली असेल, तिच्यावर एक छोटी चाकी असते. एकीकडे फिरवली की नळी उघडते, दुसरीकडे फिरवली की बंद.

मग पूल भरायचा दिवस आला. दोन्ही टाक्या भरल्या, नळाची दोन्ही तोंडं बुडवली. नळ अजून हवेनं भरलेला. आबाजींनी स्टुलावर बसून सलाईनच्या नळीचं टोक तोंडात धरलं, चाकी उघडली आणि ओढलं. दोन्ही बाजूंनी पाणी वीतभर वर चढलं. आबाजींनी चाकी बंद केली आणि धापा टाकू लागले. गॅस लाइनीवर आयुष्य गेलेल्या माणसाची छाती ती.

"बाकीचं तू."

त्यांनी नळीचं टोक गळ्यातल्या लाल गमछ्यानं नीट पुसलं आणि जाळीतून तिच्याकडे दिलं. "दुसऱ्याच्या तोंडातली वस्तू न पुसता घ्याची नाही. न पुसता द्याची बी नाही."

भूमिकेनं ओढलं, चाकी बंद, श्वास सोडला, चाकी उघडली, पुन्हा ओढलं. पाणी चढत गेलं. दोन्हीकडून येणारं पाणी वर आडव्या भागात एकमेकांना भेटलं तेव्हा तिच्या तोंडात घोटभर टाकीचं पाणी आलं आणि ती थुंकत सुटली. आबाजी इतके हसले की त्यांना खोकला लागला. "कशी लागली मासोळीची भाजी?"

तिच्या टाकीत सात गप्पी आणि चार मोली होते. आबाजींच्या टाकीत एकच मोठा, म्हातारा गोरामी होता, त्याचं नाव फोरमन. कारण तो काही काम न करता सगळीकडे चक्कर मारायचा. पूल भरल्यावर पहिल्यांदा तोच वर आला, भिंत ओलांडून भूमिकेच्या घरी आला, सगळ्या कोपऱ्यांची तपासणी केली आणि परत गेला.

आता दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा, पुढे त्या लागणार आहेत.

पहिली ही, की पाण्यात विरघळलेली हवा हळूहळू सुटते आणि पुलाच्या माथ्याला बुडबुडा होऊन जमते. ती रोज काढावी लागते. आबाजींनी वेळ ठरवली होती दुपारी दोनची, कारण प्लांटात दुपारची शिफ्ट दोनला लागते आणि त्यांच्या अंगात ते घड्याळ बसलेलं होतं. रोज दोनला ते स्टुलावर बसत, नळी तोंडात धरत, एक श्वास ओढत. मग माशांना दाणा टाकत.

दुसरी गोष्ट टॅगची. लाल रंगवलेला पत्र्याचा तुकडा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत "काम चालू आहे. हात लावू नये. विष्णु." तो त्यांनी सलाईनच्या नळीला तारेनं बांधला होता.

"हे कशाले?" भूमिकेनं विचारलं होतं.

"प्लांटात ज्या वॉल्ववर माणूस काम करते, तिथं तो आपल्या नावाचा टॅग लावते. मंग बाकी कोणीच तिथं हात लावत नाही. साहेब बी नाही. ज्याचा टॅग, त्यानंच काढाचा."

"अन् तो माणूस घरी गेला तर? छुट्टी हो गयी तो?"

"रिलीव्हर येते ना! दोघं समोरासमोर उभे राह्यते. जाणारा सांगते, लाइन अशी हाय, वॉल्व असा हाय, आत इतके माणसं हायेत. येणारा म्हणते, घेतलं. मंग जाणारा टॅग काढते. रिलीव्हर येईपर्यंत जागा सोडाची नाही, काय वाट्टेल ते होवो. एकदा आमचे रिलीव्हर भैय्याजी उतई गावाले लग्नात जेवले अन् तिथंच झोपले. मी सोळा तास उभा होतो."

"मंग? तुम्ही भांडले त्यांच्याशी?"

"भांडलो ना. पण चार्ज देऊन झाल्यावर."

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी अकरा वाजता आबाजींच्या छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्स आली. तशातही त्यांनी घराचा मेन स्विच बंद केला, दाराला कुलूप लावलं, चावी खिशात टाकली. फाटकापाशी भूमिका उभी होती. तिला म्हणाले, "दोन वाजेपर्यंत येतोच." त्यांचा मुलगा पीयूष नागपूरला असतो, संध्याकाळी तो येऊन त्यांना तिकडे घेऊन गेला. बुधवारी फोन आला की आबाजी गेले. भंडाऱ्याकडच्या त्यांच्या गावीच सगळं करायचं ठरलं. चावी पीयूषजवळ आणि पीयूष तेरवीपर्यंत गावाला.

भूमिका रडली, जेवली नाही, मग जेवली. पण गुरुवारी दुपारी तिला मासे आठवले.

तिची टाकी रिकामी होती. एकही मासा नव्हता.

ती स्टूल ओढून वर चढली आणि जाळीतून पलीकडे पाहिलं. बंद व्हरांड्यात अंधूक उजेड होता. टाकीवर काचेचं झाकण. झाकणाखाली सगळे बारा मासे एकाच कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून, तोंडं एकाच दिशेला करून स्तब्ध होते. त्या दिशेला आबाजींचं रिकामं स्टूल होतं.

तिच्या मागे, आतल्या खोलीत घड्याळाचे दोन टोले पडले.

सूंऽऽ असा आवाज झाला. बारीक, फाटक्या ट्यूबमधून येतो तसा. भूमिकेनं मान वर केली तेव्हा आवाज थांबला होता. पुलाच्या माथ्यावरचा बुडबुडा, जो मघाशी चिंचोक्याएवढा होता, तो आता पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला होता, एक बोट जाड. खाली तिच्या टाकीतलं पाणी सूतभर वर आलं होतं.

भूमिकेला ते लगेच कळलं, कारण ती रोज पाण्याच्या पातळीवर स्केचपेननं रेघ मारायची. मेच्या उन्हात पाणी रोज कमी व्हायचं. आज वाढलं होतं. क्षणभर तिला वाटलं, पलीकडून कुणीतरी पाणी ओतलं. मग तिनं पेल्याचा प्रयोग आठवला. हवा आत शिरली की वरचं पाणी खाली बसतं. पुलातलंच पाणी दोन्ही टाक्यांत उतरलं होतं. कुणी पाणी ओतलेलं नव्हतं. कुणीतरी चाकी उघडली होती.

शुक्रवारी दोन बोटं. शनिवारी तीन. पुलाचा आडवा भाग आठ बोटं उंच होता. हिशेब सोपा होता. पुढच्या गुरुवारी पूल मधोमध तुटणार, बारा मासे पलीकडे अडकणार. तिकडे वीज नाही, दाणा नाही, आणि झाकणबंद टाकी मेच्या भट्टीत. आत्ताही तिनं टाकलेला दाणा तिच्याच टाकीच्या तळाशी कुजत होता. मासे अलीकडे यायलाच तयार नव्हते. पण पूल असेल तर ते कधीतरी भुकेनं येतील. पूलच नसला तर तेही नाही.

तिनं बाबांना सांगितलं. बाबा डबा घासता घासता म्हणाले, "चाकी लीक असंल."

"लीक असती तर चोवीस तास हवा आली असती ना, बाबा. दोनलेच कावून येते?"

बाबांनी डबा खाली ठेवला. त्यांनी पीयूषला फोन लावला. पीयूष म्हणाला, "तेरवी झाली की येतो, काका. मासेच तर आहेत." त्याचाही दोष नव्हता, तो बापाचं करत होता.

"कुलूप तोडा," आई म्हणाली.

"सुतकातल्या घराचं कुलूप तोडू? काय बोलून राहिली तू?"

"मंग त्या जाळीतून तार टाका अन् नळी इकडं ओढा. पोट्टी ओढंल हवा."

हे मात्र जमण्यासारखं होतं. बाबांनी जाड तार वाकवून आकडा केला, स्टुलावर चढले, तार जाळीतून आत घातली. भूमिका खालून पाहत होती. नळी पलीकडे खिळ्याला अडकवलेली होती, आकड्यापासून चार बोटांवर. बाबांचा हात थांबला. तार तशीच बाहेर आली. बाबा खाली उतरले.

"काय झालं?"

"टॅग हाय."

"अवो, मेलेल्या माणसाचा टॅग!" आई म्हणाली.

"मेला म्हणून टॅग उतरत नाही, कला. बावीस वर्षं झाली मले. एकदा एकानं दुसऱ्याचा टॅग काढला होता, पाच मिनिटांसाठी. त्याच्यानंतर काय झालं ते मी डोळ्यानं पाह्यलं. मी नाही हात लावत."

"इथं कुठं गॅस हाय? फिशटँक हाय तो!"

"मले माहीत हाय फिशटँक हाय," बाबा म्हणाले आणि हात धुवायला गेले. दोनदा साबण लावून त्यांनी हात धुतले.

आई त्यांच्या पाठीकडे पाहत राहिली. मग आवाज खाली आणून भूमिकेला म्हणाली, "तेरा दिवस जीव घराभोवतीच राह्यते. तू दुपारी त्या व्हरांड्यात जाऊ नको. मले मशीनवर बसल्या बसल्या स्टूल करकरल्याचं ऐकू येते. तुह्या बाबाले नको सांगू, हसंल."

बाबा हसले असते असं भूमिकेला वाटलं नाही.

सोमवारी पाच बोटं. मंगळवारी सहा. बुधवारी आई शिवलेले ब्लाउज द्यायला गेली, बाबा पहिल्या शिफ्टला गेलेले. दोनला पाच मिनिटं कमी असताना भूमिका व्हरांड्यात गेली, स्टुलावर चढली आणि या वेळी माशांकडे नाही, नळीकडे बघत उभी राहिली. बाहेर लू वाहत होती, पण दारं-खिडक्या बंद होत्या. वारा कुठूनच नव्हता. जाळीच्या सिमेंटला गाल लावला तर तो तापलेला होता. घामाचा एक थेंब तिच्या नाकावरून खाली पडला.

दोन टोले पडले.

पलीकडचं रिकामं स्टूल करकरलं, म्हातारं माणूस गुडघ्यावर हात ठेवून सावकाश बसतं तेव्हा करकरतं तसं.

मासे वर आले. बाराही जण पाण्याच्या काठाशी, तोंडं उघडी.

मग नळी खिळ्यावरून निघाली. पडली नाही. तिचं टोक हवेतच आडवं झालं आणि बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर येऊन थांबलं. लाल टॅग तारेला टिकटिक हलत होता. चाकी फिरली.

सूंऽऽ.

हवा आत गेली. नळीचं टोक थरथरलं. चाकी बंद झाली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग चाकी पुन्हा फिरली, पुन्हा तोच आवाज, पुन्हा ती थरथर. तिसऱ्यांदाही. माथ्यावरचा बुडबुडा जाड होत गेला. सात बोटं.

नळी परत खिळ्यावर गेली. स्टूल पुन्हा एकदा करकरलं.

भूमिका स्टुलावरून उतरली. ती हळूच खाली बसली, पाठ भिंतीला लावून. भिंत गार होती. इतक्या उन्हात ती एवढी गार कशी, हे तिला फार नंतर सुचलं. तेव्हा तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. तीन वेळा प्रयत्न केला त्यांनी. तीनही वेळा उलटं झालं. पूल मोडावा म्हणून कुणी ते करत नव्हतं. कुणीतरी तो टिकावा म्हणून रोज दोनला येत होतं.

नळी धरायला हात लागतात. चाकी फिरवायला बोटं लागतात. पण हवा ओढायला श्वास लागतो.

आणि श्वास आता आबाजींजवळ नव्हता. त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. ते "दोन वाजेपर्यंत येतो" म्हणून गेले होते आणि दोनला येत होते. घरीही कसे जाणार? रिलीव्हर आला नव्हता.

ती उठली. बिस्किटांच्या रिकाम्या डब्याचं झाकण घेतलं. आईच्या नेलपॉलिशनं त्याला लाल रंग दिला. अर्धी बाटली संपली. सुकल्यावर खडूनं लिहून पाहिलं, खडू पुसला गेला, मग व्हाइटनरनं लिहिलं, "काम चालू आहे. हात लावू नये. भूमिका." 'हात'च्या ठिकाणी आधी 'हत' झालं होतं, काना नंतर घुसवला. खिळ्यानं भोक पाडून त्यात तार ओवली.

गुरुवारी पुलात बोटभर पाणी उरलं होतं. बाकी सगळी हवा. आता एकदा जरी चाकी उघडली असती, तरी ते बोटभरही तुटलं असतं.

पावणेदोनला ती तयार होती. पायात शाळेचे बूट, डोक्यावर बाबांचं जुनं पिवळं हेल्मेट. ते तिच्या भुवयांवर येत होतं. पण आबाजीच सांगायचे की उघड्या डोक्याच्या माणसाला मी कधी चार्ज दिला नाही. आई दारात आली, हेल्मेट पाहिलं, हातातला टॅग पाहिला.  मग म्हणाली, "मी इथंच बसून हाय. दाराशीच." आणि उंबऱ्यावर बसली, पदर मुठीत धरून.

भूमिका स्टुलावर चढली. दोन टोले पडले. पलीकडचं स्टूल करकरलं. मासे वर आले. नळी खिळ्यावरून निघाली.

"आबाजी, थांबा," भूमिका म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "रिलीव्हर आली."

नळी हवेत थांबली.

आता जाणाऱ्यानं सांगायचं असतं. लाइन कशी आहे, वॉल्व कसा आहे. भूमिका वाट पाहत राहिली. काहीच ऐकू आलं नाही. मग तिच्या लक्षात आलं, की बोलायलाही श्वासच लागतो. तेव्हा दोघांचंही तीच बोलली.

"पाणी दोन्ही बाजूले सारखं हाय. चाकी बंद हाय. पुलात बोटभर पाणी उरलं. आत बारा जीव हायेत. फोरमन धरून." तिनं हेल्मेट सावरलं. "घेतलं, आबाजी. चार्ज घेतला."

तिनं आपला टॅग अलीकडे, पुलाच्या काचेभोवती तार गुंडाळून बांधला. दोनदा तार निसटली. तिसऱ्यांदा बसली.

 उंबऱ्यावर आईच्या बांगड्या किणकिणल्या आणि गप्प झाल्या. मग नळीवरची तार एकेक वेढा करत सुटायला लागली. सावकाश, घाई न करता, जशी ते घरची प्रत्येक गाठ सोडवायचे तशी. लाल टॅग मोकळा झाला आणि पलीकडच्या फरशीवर पडला. टण्. एकदाच.

सलाईनची नळी जाळीकडे वळली. सिमेंटच्या फटीतून तिचं टोक आधी अलीकडे आलं, मग थोडी नळी, मग चाकी. येत येत ते भूमिकेच्या तोंडापुढे येऊन थांबलं आणि मग नळी, आता कुणी धरलेली नाही अशी, खाली ओघळली. भूमिकेनं ती पकडली.

नळीवर बारा दिवसांची धूळ होती. पण टोकाशी, दोन बोटं भागावर, धूळ नव्हती. ते नीट पुसलेलं होतं.

पलीकडचं स्टूल करकरलं. या वेळी उठताना करकरतं तसं. त्यानंतर तिकडे काहीच आवाज झाला नाही. टाकीच्या कोपऱ्यातून फोरमन निघाला, पुलाच्या तोंडाशी आला, वर पाहत थांबला.

"आई," मागे न वळता भूमिका म्हणाली, "दाण्याचा डबा आणून ठेव."

मग तिनं हेल्मेट मागं सारलं, छातीतली सगळी हवा आधी बाहेर सोडली, नळीचं टोक ओठांत घट्ट धरलं, चाकी फिरवली, आणि ओढलं.